खोकणाऱ्यांचा वॉर्ड

बरा झालेला पेशंट आपली फाईल घेऊन घरी जातो, किस्सा मात्र आमच्याकडेच ठेवून जातो. भोरच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी अठरा वर्षं सिस्टर आहे. थंडी पडली की फ्लूची साथ येते, वॉर्ड खोकणाऱ्यांनी भरतो आणि आमच्या डब्याच्या सुट्टीत जेवण कमी, हसणंच जास्त होतं!

*

उत्रोलीच्या एका काकूंच्या नाकात तपासणीची काडी घालायची होती. काकूंनी नाकाला पदर लावला तो सोडेचनात.

"खोकला छातीत हाय न्हवं? मग नाकात काय हुडकताय?"

"काकू, व्हायरस नाकातच सापडतो."

"म्हस गोठ्यात बांधलीया आन तुमी वसरीत शोधताय!"

कशीबशी काडी घातली. काकू अशा शिंकल्या की मला चष्मा धुवायला जावं लागलं. रिपोर्ट आला पॉझिटिव्ह.

काकू म्हणाल्या, "म्हंजी म्हस वसरीतच व्हती म्हना की!"

*

कापूरहोळचा एक पंक्चरवाला न्यूमोनियानं धापा टाकत आला. त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा आला अठ्ठ्याऐंशी. गडी एकदम खूश!

"आमच्या खानदानात कुणाला एवढं पडलं न्हाईत!"

"दादा, या परीक्षेत नव्वदच्या खाली नापास."

नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, तसा हळूच म्हणाला, "भरा हवा. पर बेतानं, ट्यूब जुनी हाय."

*

आणि मग आले धाकलूमामा. वेल्ह्याच्या डोंगरावर धनगरवाड्यात राहणारे, सत्तरीचे, शेरडं राखणारे. फ्लू छातीत उतरलेला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. पांढरा कोट आणि तोंडाला मास्क अशा थाटात डॉक्टर राउंडला आले की मामा आपला मास्क काढून हात जोडायचे, आणि तेवढ्यात ऑक्सिजन खाली!

"मामा, मास्क काढायचा नाही!"

"मोठं मानूस समूर आल्यावं तोंड झाकून बसू व्हय? काय म्हनतील!"

समजावून आम्ही थकलो. शेवटी डॉक्टरांनीच हार मानली. ते पलंगाच्या मागच्या बाजूनं पावलं न वाजवता यायचे, पाठीला स्टेथोस्कोप लावून छाती तपासायचे आणि तसेच निघून जायचे.

तीन दिवसांनी मामांनी मला विचारलं, "बाई, डाक्टर रजेवं हायेत का?"

*

मामांना घरी सोडायच्या आदल्या दिवशी टेम्पो भरून पाहुणे आले. मी दारात आडवी उभी राहिले. "एकेक जण या, खोकणारे बाहेर थांबा!" कोण ऐकतंय! भोंगवलीचा एक पाहुणा मामांच्या उशाशी बसून तासभर खोकला, वर म्हणतो कसा, "जपा हं तब्येतीला!"

दुसऱ्या दिवशी मामांना पुन्हा ताप भरला. फ्लू उतरता उतरता मागून न्यूमोनिया घुसला होता. ऑक्सिजन वाढवला, तरी आकडा चढेना. पुण्याला हलवायला अ‍ॅम्ब्युलन्स दारात लागली. हा न्यूमोनिया त्या पाहुण्याचाच प्रसाद होता, असं डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. मी सांगते.

मामांची बायको, हिरामामी, पायरीवर बसून होती. तिनं माझा हात धरला.

"बाई, खरं सांगा. शेरडं ठिवायची का इकायची?"

शेरडं मामांशिवाय कुणाला वळायची नाहीत. ती काय विचारत होती ते मला कळलं. "ठेवा," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

वाटेत मामा तग धरतील का या शंकेनं अ‍ॅम्ब्युलन्स दुपारपर्यंत थांबवली. आकडा एकेक करत वर सरकला, तेव्हा ती रिकामी परत पाठवली. मी औषधाच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

चार दिवसांनी मामा उठून बसले. त्यांना पाहुण्याची सगळी हकीकत सांगितली.

"खोकनारं शेरडू आमी कळपात ठिवत न्हाई, येगळं बांधतो. तुमी मानसं एका जागी कशी वो कोंबता?"

"सांगून सांगून घसा बसला, मामा. ऐकतंय कोण?"

"सांगायचं न्हाई," मामा म्हणाले. "वळायचं."

*

पंधरा दिवसांनी मामा दाखवायला आले. ओपीडीत बाकं गच्च भरलेली, सगळीकडं खोकला. मी आत इंजेक्शन देत होते. एकदम बाहेर शांतता झाली. पडदा सारून बघते तर मामा मधोमध उभे, हातात काठी आडवी.

"खोकनारी खिडकीकडं! बाकीची हितं! चला, हलाऽऽ!"

आणि माणसं खरंच हलत होती! जी माझं अठरा वर्षं ऐकत नव्हती, ती गुमान दोन्हीकडं वाटली जात होती. उत्रोलीच्या काकूसुद्धा, तेही पदर तोंडाला लावून!

तेवढ्यात दारातून आमचे डॉक्टर आले. नुकतेच मोटरसायकलवरून उतरलेले, अंगात कोटाऐवजी जर्किन, तोंडाला मास्क नाही. आत पाऊल टाकलं आणि त्यांना ठसका लागला.

काठी त्यांच्या छातीसमोर आडवी झाली.

"ए पावनं! तिकडं!"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. डॉक्टर खिडकीकडं गेले आणि बाकावर जागा करून बसले.

मामा काठी टेकत माझ्याकडं आले आणि हळूच म्हणाले, "बाई, समदी वळली. आता डाक्टरास्नी बोलवा."