जुन्या प्रोसेसरला पळवताना

तीन मराठी माणसं एका अपार्टमेंटमध्ये राहिली की घरात भांडी कमी आणि किस्से जास्त साठतात. भांडी निदान घासून ठेवता येतात. किस्से कोणीतरी चहाला आलं की आपोआप बाहेर निघतात.

अमेरिकेत श्रूजबरीला आम्ही तिघं राहायचो. मी आणि पुण्याचा शिरीष आयटीत, आणि नागपूरचा मंदार पीएचडी करत होता. पवनचक्कीच्या पात्यावरून वारा कसा वाहतो, याचं गणित त्याला कॉम्प्युटरवर सोडवायचं होतं. विद्यापीठातल्या मोठ्या मशिनला ही लांब रांग! मेमध्ये पदवीदान, आईबाबांची तिकिटं काढलेली आणि त्याची फेलोशिपही तेव्हाच संपणार. गणित एप्रिलपर्यंत सुटलं नाही तर सगळंच लांबणार होतं.

घरात होता एक जुना डेस्कटॉप, सुटे भाग आणून जोडलेला. शिरीष म्हणाला, "ओव्हरक्लॉक करू." म्हणजे प्रोसेसरला त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. "पण हळूहळू. थोडा वेग वाढवायचा, टेस्ट चालवायची, तापमान बघायचं, मग पुढे."

मंदारला धीर कुठला? शिरीष ऑफिसला गेल्यावर त्याने एकदम मोठी उडी मारली. स्क्रीन काळी ठिक्कर!

संध्याकाळी शिरीषने शांतपणे मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल काढला, थोडं थांबून परत बसवला. मशिन मूळ वेगावर मुकाट सुरू झालं.

मंदार बघतच राहिला. "यार, असा सेल माणसांनापण पाहिजे होता. पहिल्यांदा माझ्या गाईडचा काढला असता!"

*

वेग वाढला की उष्णता वाढते. म्हणून प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या पंख्याच्या मध्ये नवीन पेस्ट लावायची ठरली. शिरीषने ऑफिसातून मंदारला फोनवर बजावलं, "तांदळाच्या दाण्याएवढीच लाव."

घरी येऊन बघतो तर पेस्ट चारी बाजूंनी बाहेर आलेली.

"अरे, दाण्याएवढी म्हटलं होतं ना?"

"दाण्याएवढीच लावली. डब्यातला दाणा शेजारी ठेवून लावली!"

"कुठल्या डब्यातला?"

"बासमतीच्या."

शिरीष कपाळाला हात लावून खाली बसला. "तांदूळ म्हटल्यावर आमच्याकडे आंबेमोहोर असतो रे!"

*

जानेवारीत मंदारने मशिन खिडकीशी नेलं आणि खिडकी उघडी ठेवली. बाहेर बर्फ, घरात हीटर फुल्ल, आणि आम्ही तिघं जॅकेट-टोप्या घालून वरणभात खातोय. अशात अपार्टमेंटचा मेंटेनन्सवाला आला.

"हीट चालत नाहीये का?"

मंदार गंभीरपणे म्हणाला, "चालते ना! तोच तर प्रॉब्लेम आहे."

*

मंदारचे बाबा वीज खात्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. फोन कार्डवर बोलताना एकदा मंदारने कौतुकाने सांगितलं, "बाबा, मशिनचा वेग पंधरा टक्क्यांनी वाढवला. आठवडाभर टेस्ट चालवली, एकदाही अडकलं नाही."

"वा. अन् तुझा रे?"

*

फेब्रुवारीत शिरीषची आई सहा महिन्यांसाठी आली. आमच्या काकू. त्या थंडीत दही काही लागेना. ओव्हनचा दिवा लावून झाला, डबा गोधडीत गुंडाळून झाला. एक दिवस मंदारच्या खोलीत केर काढताना त्यांचा हात कॉम्प्युटरच्या गरम कॅबिनेटला लागला. झालं! स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा रोज संध्याकाळी कॅबिनेटवर बसू लागला. सकाळी कवडीसारखं दही!

शिरीष ओरडला, "आई, त्याच्यावर त्याची पीएचडी चाललीय!"

"चालू दे की. मी कुठे अडवलंय?"

मार्चमध्ये एका सकाळी काकू डबा घेऊन आल्या. "मंदार, आज दही आंबट ढाण झालंय. तुझ्या मशिनला ताप आलाय का बघ बरं."

मंदारने गणिताला जास्त वेग मिळावा म्हणून तापमान दाखवणारा प्रोग्रॅमच बंद ठेवला होता. कॅबिनेट उघडलं, तर पंखा धुळीने रखडत होता. पंखा साफ केला, त्या रात्रीचे आकडे मंदारने टाकून दिले आणि तेवढं गणित पुन्हा चालवलं. एप्रिलमध्ये ते एकदाचं सुटलं.

प्रबंधाच्या डिफेन्सला आम्ही सगळे मागच्या रांगेत बसलो. काकू साडीवर स्वेटर घालून आल्या होत्या. शेवटी कमिटीच्या पांढऱ्या दाढीच्या प्रोफेसरांनी विचारलं, "जुनं मशिन, वर जास्त पळवलेलं. आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?"

मंदारने काही गणितं मूळ वेगावर पुन्हा करून पाहिली होती. उत्तरं जुळत होती, ती त्याने दाखवली.

"गुड. आणि रन चालू असताना तापमानावर लक्ष कसं ठेवलंत?"

मंदारचा चेहरा पडला. त्याला खोटं बोलता येत नाही. त्याने एकदा काकूंकडे पाहिलं.

"योगर्ट, सर."

मग त्याने सगळं सांगितलं, आंबट दह्यासकट. कोणी हसलं नाही. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. मंदार भिंतीला टेकून उभा. काकू पुटपुटत रामरक्षा म्हणत होत्या.

दार उघडलं. दाढीवाले प्रोफेसर बाहेर आले. "काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर!"

मंदारच्या डोळ्यांत पाणी आलं. शिरीषने त्याला मिठी मारली. प्रोफेसर मात्र सरळ काकूंसमोर जाऊन उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "मॅडम, माझ्या बायकोचं योगर्ट घरी कधीच जमत नाही. काही सांगाल?"

शिरीषने भाषांतर केलं. काकू शिरीषला म्हणाल्या,

"आधी विचार त्यांना, घरातला कॉम्प्युटर किती जुना आहे?"