घोड्याच्या घरात घोडा

बुद्धिबळ मला बाबांनी शिकवलं, आर्वीच्या आमच्या कापड दुकानात, गिऱ्हाईक नसलं की. पुढे मी वर्ध्याला कॉलेजात गेले, स्पर्धा जिंकायला लागले आणि डोक्यात हवा गेली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. प्रत्येक सुट्टीत बाबा म्हणायचे, "तुमचे स्पर्धेतले नियम मले सांगजो वं." मी म्हणायचे, सांगीन. कधी सांगितले नाहीत. कंटाळा, दुसरं काय.

जिल्ह्याच्या निवड चाचणीत बाबांनी हौसेनं स्वतःचंही नाव दिलं, आणि चिठ्ठ्या काढल्या तर पहिल्याच फेरीत माझ्यासमोर. हरला तो बाहेर. शेवटचे चौघं राज्य स्पर्धेला जाणार होते, आणि मला काहीही करून जायचं होतं.

अर्ध्या तासात आटोपू म्हणून मी बेफिकीर खेळले आणि एक हत्ती फुकट घालवला. बाबा मान वर न करता खेळत होते. शेवटी दोघांचं एकेक प्यादं पळत सुटलं, त्यांचं पुढे. ते शेवटच्या घरात पोचलं. आता वजीर येणार, संपलं सगळं.

बाबांनी घोडा ठेवला. आमच्या दुकानातल्या खेळात तसंच होतं; प्यादं ज्याच्या घरात पोचेल, तोच मोहरा मिळायचा. स्पर्धेत कुठल्याही घरात वजीर घेता येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

दोन खेळ्यांनी माझं प्यादं हत्तीच्या घरात पोचलं आणि मी वजीर ठेवला. पंचांना ऐकू जाऊ नये म्हणून बाबा हळूच म्हणाले, "बाई, हत्तीचं घर होय थे. हत्ती ठेव." माझी लाज राखायला बघत होते ते. पंचांनी ऐकलंच, आणि नियम सांगितला. बाबांनी आपल्या घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुले मालूम होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी डाव सोडला, हात मिळवला आणि निघाले.

पुढची फेरी दुपारी होती. बस स्टँडपर्यंत मी मागे मागे गेले, पण माफी मागायला तोंड उघडेना. आर्वीची गाडी लागली तेव्हा तेच बोलले, "सांगतलं असतं तरी मी घोडाच ठेवला असता. तुह्या आड मी आलो असतो काय?"

त्यापेक्षा चारचौघांत एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

राज्य स्पर्धेला मी गेले. त्यानंतर बाबा माझ्यासमोर पटावर कधी बसले नाहीत. डाव मांडू का विचारलं, की डोळ्यांना दिसत नाही म्हणायचे. पेपर मात्र शेवटपर्यंत चष्म्याशिवाय वाचत होते.