आबांची दाराआडची काठी

तुमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाच्या बापाचं नाव तुम्हाला सांगता येईल? माझ्या मामांना आलं असतं. ते आमच्या गावचे पोलीस पाटील. सगळे त्यांना आबा म्हणत. महिन्याभरापूर्वी पिंपरीत युनियनच्या कचेरीत मी पत्रकांचे गठ्ठे बांधत होतो, तेव्हा गावचा एक जण सायकल टाकून आत आला. "आबा गेलं. छातीत कळ आली अन् बसल्या जागी..." मग जरा थांबून म्हणाला, "आता खुनाची केस ढिली पडंल, न्हवं?" त्याच्या आवाजात दुःख होतं, पण सुटल्याचा सुस्काराही होता. ते मी विसरणार नाही.

आमचं गाव चाकण रस्त्याच्या कडेला. वंशपरंपरेची पाटिलकी कायद्याने गेली, आणि सरकारने नेमलेले पोलीस पाटील आले. फौजदार तालुक्याला, गावात कायदा म्हणजे हा एकटा माणूस, ना गणवेश, ना बंदूक. बापाची एक काठी होती, तीही दाराआड उभी असायची. मी एकदा तोंडावर म्हणालो, "मामा, पोलीस म्हणजे मालकाची काठी." सुपारी कातरता कातरता ते हसले. "माजी तर दाराआड हाय. मग मी कुनाचा रं, भाषणवाल्या?"

त्यांचं हत्यार वेगळं होतं. जत्रेत दोन भावक्या कोयते घेऊन भिडल्या, एकाचा कान लोंबत होता, धोतरं रक्ताने भिजली होती. आबा मोकळ्या हाताने मधे शिरले. "बबन्या, तुकारामाचा ना तू? तुज्या आईनं कुनाकडं बगायचं? म्हादू, ज्ञानोबाच्या, खाली घे!" एकेक नाव, एकेका बापाचं नाव. आणि कोयते खाली येत गेले. नाव घेतलेल्या माणसाला गर्दीत लपता येत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र.

मग शिवारात तार बनवणारी कंपनी आली, आणि लातूरकडची, कोकणातली माणसं खोल्या करून राहू लागली. संप झाला. गेटवर दगड सुरू झाले, बाहेरून आणलेल्या पोलिसांनी लाठ्या उचलल्या. आबा नेहमीसारखे मधे गेले, तोंड उघडलं... आणि ते तसंच उघडं राहिलं. समोर एकाही चेहऱ्याला हाक मारता येईना. कपाळावर दगड बसला, आणि खांद्यावर लाठी. पोलिसांनाही ते कुठे ठाऊक होते! खांद्याचं हाड मोडलं. मी संतापून आठ कलमी पत्रक लिहिलं. ते मात्र हात गळ्यात बांधून संध्याकाळी खोल्याखोल्यांतून फिरू लागले.

"नाव काय बाबा? बापाचं?"

"कशाला पायजे ओ, पाटील? धरून नेता का काय?"

"हाक मारायला."

लोक हसायचे, मग चहा पाजायचे. रफिकची ओळख अशीच झाली. स्टँडवर मोटारी दुरुस्त करणारा, हातावर कायम ग्रीस. संपकऱ्यांना बैठकीला जागा त्याने दिली होती, गॅरेजच्या मागे. कंपनीला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला ते खुपलं.

भर दुपारी ठेकेदाराची पोरं आली. सगळी गावचीच. रफिकला गाडीखालून पाय धरून ओढलं, सळयांनी गुडघे फोडले. तो ओरडत होता, आणि स्टँडवरची शटरं एकेक करून खाली येत होती. आबा धावत पोचले. या वेळी त्यांना सगळी नावं येत होती. पुढे होता त्यांचा सख्खा पुतण्या. "सुऱ्या! नामदेवाच्या पोरा, पाना खाली टाक!" सुऱ्याने वळून पाहिलं. चुलत्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, आणि मोठा पाना रफिकच्या डोक्यात घातला. पुन्हा घातला. कवटी फुटल्याचा आवाज आबांनी मला एकदाच सांगितला. पुन्हा कधी त्या वाटेला गेले नाहीत.

प्रेत राखणं हे पोलीस पाटलाचं काम. पंचनामा होईपर्यंत ते तिथे उन्हात बसले, उपरण्याने माश्या हाकत, कुत्री हुसकत. फौजदाराने विचारलं, कोणी पाहिलं? चहावाला म्हणाला, "न्हाई बा, आत होतो." सगळेच आत होते. आबांनी जबाबात पुतण्याचं नाव दिलं, बापाच्या नावासकट. त्या दिवसापासून भावाचं दार बंद झालं. कोणीतरी त्यांच्या बैलाची शेपटी तोडली, ओसरीवर मेलेलं कुत्रं टाकलं. मी विचारलं, "मामा, भीती नाही वाटत?" ते म्हणाले, "वाटती की. पन मी नाव घेतलं न्हाई, तर समद्या गावाचे हात मोकळे व्हत्याल."

कोर्टात उभं राहण्याआधीच ते गेले. मेलेला माणूस साक्ष देत नाही, आणि सुऱ्या जामिनावर स्टँडवर पान खातो. रफिकची बायको गॅरेजच्या कुलपापाशी येऊन बसते.

परवा मामांच्या घरी गेलो. मामीने दार लोटलं, तर मागे काठी तशीच उभी. काठीच्या मुठीला कोळ्याने जाळं धरलंय.

रफिक पडला त्या दुपारी तुम्ही स्टँडवर होता. एसटीची वाट पाहत होता, पंक्चर काढून घेत होता, शटरच्या फटीतून बघत होता. काठी उचलायला कोणी सांगत नाही तुम्हाला. पोलीस ठाण्यात जा. आधी स्वतःचं नाव सांगा, बापाचं सांगा. मग सुऱ्याचं सांगा.