रस्त्याच्या बाजूला कोण

अण्णांनी मला फसवलं. घोडी दोन महिन्यांत तयार झाली होती. "अजून स्वल्प भिते" असं सांगत त्यांनी ती आठ महिने तालमीत ठेवली. आणि यशवंतपूरच्या बाजारात जिला बघून चारा विकणारे आधीच भाव उतरवतात, ती मी, आठ महिने मान डोलावत राहिले.

माझा धंदा वरातीच्या घोड्यांचा. निपाणीहून आले तेव्हा एक म्हातारं तट्टू होतं, बागेबाहेर पोरांना त्यावरून फेरी मारून आणायचे. आज तबेल्यात सात जनावरं आहेत. कोणी दिली नाहीत, एकेक भांडून मिळवली. जनावर घेताना मी दात बघते, खूर उचलते, डोळ्यापुढे झटकन हात हलवून पापणी मिटते का ते बघते. एवढं करून नवं जनावर आणलं, तरी ते रस्त्याला तयार करायचं काम अण्णांचंच. बंगळुरूच्या रस्त्यावर न बुजता चालणारी घोडी आणि बुजणारी घोडी यांत काय फरक असतो, ते वर बसलेल्या नवरदेवाला विचारा.

अण्णांचं घर तबेल्यामागच्या गल्लीत. सकाळी सहाला भिंतीला हात लावत लावत यायचे आणि फाटकातूनच म्हणायचे, "पुट्टी, निघायचं का?" मी तिचं नाव राणी ठेवलं होतं, वरातीला शोभेलसं. पण घोडी ओळखायची पुट्टीच, म्हणजे कन्नडमधली छकुली.

त्यांच्या मराठीची मी खूप थट्टा करायचे. निम्मं कन्नड, निम्मं कुठल्या काळातलं कोण जाणे. "अण्णा, जरा नीट मराठी बोला," म्हटलं की ते छाती काढायचे.

"आमची माणसं इथं घोड्यावरून आली, अक्का. तुम्ही बसनं आलात की."

बसनेच आले होते मी.

त्यांची पद्धत बघून माझं डोकं फिरायचं. पहिले आठ दिवस घोडी फाटकात नुसती उभी. समोरून बस, रिक्षा, पाण्याचे टँकर जाताहेत, आणि हे दोघं गवताची पेंडी घेऊन रथ बघायला आल्यासारखे बघताहेत. मग बंद उभी असलेली लॉरी. तिला चाकं हुंगू द्यायची, टायर चाटू द्यायचे. मग इंजिन चालू केलेली लॉरी. त्यासाठी बाजारातल्या ड्रायव्हरला ते गप्पांत असे गुंतवायचे, की बिचाऱ्याचं डिझेल जळतंय हे त्याच्या ध्यानातच यायचं नाही. मग पन्नास पावलं, मग शहाळीवाल्याच्या गाडीपर्यंत, मग सिग्नलपर्यंत.

"ओढा की तिला जरा!" मी ओरडायचे.

"ओढलं की ती भीती विसरत नाही अक्का, आपल्यालाच भ्यायला लागते."

आणि एक नियम तर दगडावरची रेघ. जनावर आतल्या बाजूला, माणूस रस्त्याच्या बाजूला. "गाडी आधी मला लागली पाहिजे," ते म्हणायचे. माझ्या सगळ्या नोकरांना हा नियम त्यांनीच शिकवला.

दोन महिने झाले. अजून स्वल्प भिते. चार झाले. अजून स्वल्प. लग्नसराई तोंडावर आली, मी दुसऱ्याची घोडी भाड्याने आणून वराती काढल्या आणि दातओठ खाल्ले. एकदा चिडून मी स्वतःच दोर धरला. फाटकाबाहेर आल्यावर बया जागची हलेना. चुचकारलं, ओरडले, काही नाही.

"बघा की," अण्णा म्हणाले, "भिते."

आठव्या महिन्यात मी बाजारातून लवकर परतत होते. सिग्नलपाशी बघते तर अण्णा आणि पुट्टी. बस कानाशी हॉर्न देत गेली, घोडीचा कान हलला नाही. एक टेम्पो अंगावर आला, ती थांबली. तो गेला, ती चालू लागली. अण्णांचा हात तिच्या मानेवर. आणि घोडी होती रस्त्याच्या बाजूला. अण्णा आतल्या बाजूला, भिंतीकडे.

माझं टाळकंच सरकलं. भर रस्त्यात जाऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"अण्णा! गाडी आधी कोणाला लागली पाहिजे?"

ते दचकले. "कोण, अक्का?"

"कोण म्हणजे? समोर उभी आहे मी!" मी रागाने त्यांच्या नाकापुढे हात नाचवला. त्यांची पापणी मिटली नाही.

सात जनावरांच्या डोळ्यांपुढे हात हलवून बघितलाय मी. रोज सकाळी दारात येणाऱ्या या माणसापुढे एकदाही नाही.

"घोडी कधीची तयार आहे," शहाळीवाल्याने मागून कन्नडमध्ये सांगून टाकलं. "अण्णांना तीच घेऊन येते."

"खोटं बोललो, अक्का," अण्णा म्हणाले. "घरचे एकट्याला रस्त्यावर सोडत नाहीत. तुमचं काम आहे म्हटलं की सोडतात."

आता इथे तुम्ही असतात तर गहिवरला असतात. मी नाही गहिवरले. माझी सराई गेली होती. मी त्यांच्या हातातला दोर घेतला आणि म्हणाले, "काम संपलं तुमचं." वर नोकराला सांगून त्यांना घरी पोचवलं. घरच्यांना सगळं कळलं ते असं.

त्याच आठवड्यात कोरमंगलात वरात होती. बँड, फटाके, उड्डाणपुलाखालचा गोंगाट. राणीबाई शांत. पण पाऊलच उचलेनात. वर फेटा बांधलेला नवरदेव, पुढे नाचणारी पोरं, आणि घोडी आपली उभी. शेवटी वैतागून मी तिच्या मानेवर हात ठेवला. तशी ती चालली. हात काढला, थांबली. फाटकात माझ्यापुढे का हलली नव्हती, ते मला तेव्हा कळलं. बाजाराच्या लुगड्यात मी अख्खी वरात नवरदेवाच्या शेजारून चालले. त्यांच्या व्हिडिओत प्रत्येक ठिकाणी मी आहे.

दुसऱ्या दिवशी भांडायला अण्णांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर सौदा करायला. वराती माझ्या, सकाळ त्यांची, असं मनात धरलं होतं. अगदीच अडून बसले तर रविवारही सोडणार होते. घराला कुलूप होतं. मुलाने त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, बोम्मसंद्र्याला आपल्या फ्लॅटवर नेलं होतं. नवव्या मजल्यावर.

मी फोन केला. मुलगा म्हणाला, "इथे सुखरूप आहेत. खाली उतरायची गरजच पडत नाही." मग अण्णांना दिला.

"पुट्टी कशी आहे?"

"बिघडवून ठेवलीत तुम्ही! हात ठेवल्याशिवाय चालत नाही."

ते पोटभर हसले. "स्वल्प दिवस, अक्का. मग सरी होईल, नीट होईल."

अजून झालेलं नाही. आता रोज सकाळी मीच तिला नेते. मी रस्त्याच्या बाजूला जाऊ पाहते, ती मला खांद्याने आत ढकलते. शहाळ्याच्या गाडीपाशी थांबते आणि भिंतीकडे मान वळवून बघते.

तेव्हा अण्णा, माझी सराई बुडाली ते सोडा. त्यावर मी पुन्हा कधीतरी भांडेन. पण तुम्ही शिकवलेलं हे जनावर माझं ऐकत नाही, याचा जबाब तुम्हीच द्यायचा. फोनवर नको. मुलाला सांगा लिफ्टने खाली आणायला, घ्यायला मी येते. उद्या सकाळी सहाला फाटकात या आणि तिला समोरासमोर सांगा, तुम्ही कुठे गेला होतात.