कूस बदलण्याआधीचा प्रश्न

माझी थोरली मावशी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादर अशी अंथरायची की शोधून सुरकुती सापडू नये. चर्चच्या मंडळीत कुणी आजारी पडलं की पाळकांच्या आधी मावशी हजर. अंग पुसायची, केस विंचरायची, शौचाचं भांडं उचलायची. लोक तोंडावर गोडवे गायचे आणि पाठ वळली की एकमेकांना विचारायचे, हिला एवढं भय कशाचं आहे?

माझी आई तिची सख्खी बहीण, पण तीही सोडायची नाही. आमची आजी आजारपणात मावशीच्या दारात आली होती. घरात सासरचे पाहुणे होते, म्हणून मावशीनं तिला रविवारनंतर ये म्हणून परत धाडलं. रविवार उजाडायच्या आत आजी गेली. "तेव्हापासून ही जगाची अंगं पुसत सुटलीय," आई म्हणायची. "डाग कुठे आणि घासते कुठे."

मग मावशीची सासूच अंथरुणाला खिळली. या म्हातारीनं जन्मात कुणापुढे पाण्याचा पेला धरला नव्हता, पण स्वतःच्या तारणाबद्दल, स्वर्गातल्या जागेबद्दल, तिला तिळभर शंका नव्हती. शंका सगळ्या दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या. पडून पडून पाठीला जखम झाली. मावशी कामावर जाताना आणि आल्यावर तिची कूस बदलायची, जखम धुवायची.

एका रविवारी पाळक म्हातारीला भेटून निघाले, तेव्हा मावशीनं त्यांना दारात गाठलं. मी सासूबाईंचं करते ते वर हिशेबात धरलं जातं ना, असं हळूच विचारलं. पाळक म्हणाले, बाई, तारण कृपेनं मिळतं, विश्वासानं घ्यायचं असतं. सत्कर्मं ही त्या झाडाची फळं.

"आणि झाडच नसेल तर?" मावशीनं विचारलं.

पाळकांनी प्रार्थना करा म्हणून सांगितलं आणि चपला घातल्या.

म्हातारीला सोयीपुरतंच ऐकू यायचं, आणि हे सोयीचं होतं. दुसऱ्या दिवशी मावशीनं ओला फडका पुढे केला तर तिनं हात झिडकारला.

"तू मला पुसतेस की स्वतःला?"

मावशीनं फडका पुन्हा पाण्यात बुडवला.

"माझ्या पाठीवर पाय देऊन वर जायचं बघू नकोस. मी काही शिडी नाही."

म्हातारी हट्टाला पेटली. लेकाकडून करून घेईन म्हणाली. लेक म्हणजे आमचे काका, वेल्डर. लोखंड उलटवायची सवय, माणूस उलटवायची नाही. त्यांनी म्हातारीला चादरीवरून फरफटत फिरवलं आणि जखमेची कड आणखी सोलली. तिसऱ्या दिवशी मावशी कामावरून आली तर वास उंबऱ्यापर्यंत येत होता. काका बाहेर पायरीवर डोकं धरून बसलेले. जखम आत उतरली तर म्हातारी हातची जाणार, हे मावशीला इस्पितळात बघून बघून पक्कं ठाऊक होतं.

तिनं पाणी उकळलं, निववलं, मीठ घातलं आणि खोलीत गेली. मी दारात उभा होतो.

"कूस बदला, सासूबाई."

"कशासाठी? स्वर्गासाठी?"

"तिथे यातलं काही चालत नाही, पाळकांनीच सांगितलंय."

"मग कशासाठी?"

"वास मारतोय म्हणून."

म्हातारी बराच वेळ मावशीचं तोंड निरखत राहिली, भाजीवाली खोटं नाणं निरखते तशी. मग स्वतःच कुशीवर वळू लागली. मावशीनं खांद्याखाली हात घातला.

"खोटं बोलत असशील तर कळेल मला."

"कळू द्या."

त्यानंतर आठ महिने म्हातारी जगली. रोज सकाळी, कूस बदलण्याआधी, विचारायची, आज कशासाठी? मावशी काहीतरी सांगायची. चादर धुवायला न्यायचीय. पाणी गरम आहे, फुकट जाईल. शेजारीण बघायला येणार आहे. म्हातारी प्रत्येक कारण दाताखाली दाबून बघायची. माझ्या आईचा तर कशावरच विश्वास नव्हता. कारणं रात्रीच पाठ करून ठेवते ती, म्हणायची.

जखम भरत आली होती तेव्हाची गोष्ट. म्हातारीनं नेहमीप्रमाणे विचारलं. मावशी रात्रपाळी करून आलेली, डोळे चुरचुरत होते. तिला कारणच सुचेना. फडका हातात धरून ती नुसती उभी राहिली.

म्हातारीनं वाट बघितली.

"हं," ती म्हणाली, "कर आता."