दाजींचा काठ

आमच्या दाजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, जगात कुठेच काठ दिसत नसे. एक वस्तू संपली आणि दुसरी सुरू झाली, हे त्यांना कधी मान्यच नव्हतं. बारामतीच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. फळ्यावरच्या कमळावरून देवळाच्या खांबावर, खांबावरून समईवर, आणि समईवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे रंगवलेल्या मोरावर असे काही निघून जात, की घंटा व्हायची आणि कमळाला देठ फुटायचा राहून जायचा. जेवायला बसले की भाकरीवरचे ताईच्या बोटांचे ठसे निरखत, आणि कालवण गार होई. "खायाची हाय ती, वाचायची न्हाय," असं ताई म्हणायची आणि पुढची भाकरी मुद्दाम जरा ठसठशीत थापायची.

नव्वदीच्या दशकात दाजींना संशोधनाचं वेड लागलं. त्यांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं होतं; त्यातलं देऊळ तेवढं उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर यायचं. त्या देवळाच्या जोत्यावर फिरलेली त्रिकोणांची ओळ आणि त्यांच्या आईनं कातलेल्या लोकरीच्या घोंगडीचा करवतकाठ एकच आहे, असं त्यांचं म्हणणं. पाथरवटानं तो घोंगडीवरून उचलला की मेंढरं राखणाऱ्यांनी दगडावरून, एवढंच शोधायचं होतं. पुण्यात कलेच्या विभागानं सांगितलं, हे वास्तुशास्त्रात जाईल. वास्तुशास्त्रवाले म्हणाले, हा तर कापडाचा विषय. अखेर एक प्राध्यापक कंटाळून म्हणाले, ती घोंगडी तरी घेऊन या, मग ठरवू. तसल्या काठाची घोंगडी ती एकच उरली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पुण्याला जाण्याआधी एकदा जुळवून पाहावं, म्हणून दाजी मला घेऊन भिगवणला आले. होडीनं देवळाशी पोचलो. त्या दुपारी पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळतच नव्हतं. लांबवर रोहित पक्षी दोहोंच्या मधे नुसते उभे होते. दाजी खुशीत होते. त्यांनी घोंगडी जोत्यावर पसरली आणि नीट दिसावं म्हणून मागं मागं सरकत गेले. त्रिकोणाला त्रिकोण लागला होता. आम्ही दोघं सुकल्या गाळात बसून तेच पाहत राहिलो, आणि मग बहुधा माझा डोळा लागला.

जागा झालो तर घोंगडीवर हळदकुंकू पडलं होतं, पुढ्यात नारळ फुटला होता. त्याच उठलेल्या गावातल्या बायका, आता वस्ती असलेल्या वरकुट्याहून, दर्शनाला आल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी दाजींना म्हणाली, "सर, गाव उठलं तवा आमी समदं गोळा करून नेलं. देऊळ तेवढं उघडं सोडलं. त्याला पांघरूण घालायचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. तुमच्या आलं."

मी दाजींच्या कानाशी लागलो, ही पुण्याला न्यायची आहे असं सांगून टाका म्हटलं. दाजी उठले, आणि तेही हात जोडून त्या बायकांत उभे राहिले. परतताना होडीत, भिगवण जवळ आल्यावर, एरवी शुद्ध बोलणारे दाजी घरच्या बोलीत म्हणाले, "जल्मभर सांगत आलो, कापड आन् दगड येगळं न्हाईत. आता माझी घोंगडी येगळी आन् त्यांचं देऊळ येगळं, असं कुठल्या तोंडानं म्हणू?"

पुण्याचा विषय तिथंच संपला. पुढं धरण भरलं आणि घोंगडी देवळाबरोबर पाण्याखाली गेली.

आता दाजीही नाहीत. हिवाळ्यात भिगवणवरून जाताना मी एसटीची काच सरकवतो. गार वारा आत येतो, शेजारचे कुरकुरतात, आणि मला दाजींची फार आठवण येते. बाहेर नुसतं पाणी असतं. खाली देऊळ पांघरूण घेऊन निजलेलं असतं.