साखरपुड्याचे रोडगे

आखातात युद्ध पेटलं आणि इकडे पांढरकवड्यात आमच्या घरची जिलेबी रद्द झाली. बहिणीचा साखरपुडा तोंडावर आलेला, आणि सिलिंडर मिळत नाही म्हणून आचाऱ्यानं हात वर केले. बाबा मात्र खूश. देशानं बाहेरच्या इंधनावर किती विसंबावं, यावर टीव्हीपुढं बसून ते रोज आमचं डोकं खात होते. आता त्यांना करून दाखवायची संधी मिळाली.

"रोडगे करू," त्यांनी जाहीर केलं. "गोवऱ्या आपल्या, गहू आपला. कोण्या जहाजाची वाट पाह्याची गरज नाही."

आई उखडली. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. आमच्याकडे ते नवस फेडताना मारोतीपुढे करतात.

"लोकं म्हणतीन, पोरीचं जमत नव्हतं म्हून नवस बोलले होते. माह्या पोरीची इज्जत कायले घालवता?"

मला तिचं पटत होतं. पण बाबांपुढे बोलून आजवर कोणाचं भलं झालंय?

साखरपुड्याच्या सकाळी अंगणात इतका धूर झाला की उमरखेडहून आलेली पाहुणेमंडळी फाटकातच ठसकली. विस्तवात रोडगे दिसताच नवरदेवाच्या मामांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि मनोभावे हात जोडले. समोर बाबा उभे होते, बनियनवर, कपाळापर्यंत राखेनं माखलेले. त्यांनीही बिनदिक्कत आशीर्वादाचा हात वर केला. मला हसू आवरेना. आईकडे पाहिलं आणि आवरलं.

पंगत बसली. वांग्याची भाजी, वरण, कुस्करलेल्या रोडग्यावर तूप. मामांनी विचारलंच, "नवस कशाचा होता म्हणायचा?"

आईचा चेहरा पडला. बाबा युद्धापासून सुरुवात करणार, तेवढ्यात बहीणच म्हणाली, "नवस नाही, मामा. गॅस नाही."

कोणी हसलं नाही. नवरदेव खाली मान घालून ताटात बघत राहिला. आता हे लग्न मोडतं, असंच मला वाटलं. मग त्याची आई पदर सावरत माझ्या आईजवळ सरकली. ती हळू बोलत होती, पण अख्ख्या पंगतीला ऐकू गेलं.

"ताई, खरं सांगू का? नवस आमचाच हाय. शेतीवाल्या पोराला कोणी पोरगी देईना, म्हणून मीच मारोतीला रोडगे बोलले होते. तुमच्या या विस्तवावर चार भाजू द्या, म्हणजे लग्नाआधी मोकळी होते."

आईनं तिला जागेवरून उठू दिलं नाही. पदर खोचला आणि ती स्वतःच कणीक मळायला बसली.